चित्राबरहुकूम कुत्रं

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स फेब्रुवारी १६८५ मध्ये वारला, तेव्हा जॉन एव्हलिन या रोजनिशीकारानं त्याचे गुणदोष लिहून ठेवले. त्यात कुत्र्यांचीही हकिगत आहे. राजाच्या मागेपुढे लहान स्पॅनियल कुत्र्यांचा घोळका सतत असायचा. ती त्याच्या शेजघरात झोपायची, माद्या तिथंच व्यायच्या, तिथंच पिल्लांना पाजायच्या आणि त्या घाणीनं सगळा दरबार नासून गेला होता, अशी एव्हलिनची तक्रार. सॅम्युअल पेपिस हा दुसरा रोजनिशीकार. त्यानं १६६७ च्या सप्टेंबरात नोंदवलंय की राज्यकारभाराची बैठक चालू असताना राजाचं कामाकडे लक्षच नव्हतं, स्वारी कुत्र्याशी खेळण्यात दंग होती.

हा राजा आपल्याला परका नाही. पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याचं लग्न ठरलं आणि १६६१ च्या तहात मुंबई बेट आंदण मिळालं ते यालाच. आंदण पदरात पडलं, पण सांभाळणं नको झालं. १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं त्यानं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात बांधलं आणि मोकळा झाला. कुत्र्यांना मात्र त्यानं शेवटपर्यंत अंतर दिलं नाही. आज ‘किंग चार्ल्स’ म्हटलं की कुत्री पाळणाऱ्यांना आठवतो तो लोंबत्या कानांचा, बटाट्याएवढ्या डोळ्यांचा छोटा स्पॅनियल. या कुत्र्यांना कुठल्याही सार्वजनिक इमारतीत, अगदी संसदेतसुद्धा, मुक्त प्रवेश देणारा कायदा चार्ल्सनं केला आणि तो अजून लागू आहे, ही गोष्ट श्वानप्रेमी मोठ्या हौसेनं सांगतात. असा कायदा कुणाला कधी सापडलेला नाही.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधून हल्ली दिसू लागलेला कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हा त्या राजाच्या कुत्र्यांचा थेट वारस, असं विकणारे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चार्ल्सच्या वेळची कुत्री मधल्या काळात जवळपास संपलीच होती. आज आपल्या सोफ्यावर बसलेलं कुत्रं विसाव्या शतकात, जुन्या तैलचित्रांच्या प्रती समोर ठेवून, नव्यानं घडवलेलं आहे. चित्राबरहुकूम कुत्रं घडवायचं तर काय किंमत मोजावी लागते, हा या लेखाचा खरा विषय.

चित्रं तशी भरपूर होती. इटालियन चित्रकार तिशिअन याच्या १५३८ च्या ‘व्हीनस ऑफ अर्बिनो’मध्ये नायिकेच्या पायाशी तांबूस-पांढरं पिटुकलं कुत्रं गाढ झोपलेलं आहे. व्हॅन डाइकनं पहिल्या चार्ल्सच्या मुलांची चित्रं काढली, त्यातही लांब कानांचे स्पॅनियल आहेत. दरबारी बायका ही कुत्री मांडीवर, पदराखाली बाळगत. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० मध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. त्यात या मांडीवरच्या जातीचा उपयोगही सांगितलाय: पोट दुखत असेल तर हे कुत्रं पोटाशी धरावं, त्याच्या उबेनं आराम पडतो. गरम पाण्याच्या पिशवीचा शोध लागायचा होता.

स्कॉटलंडची राणी मेरी हिचा १५८७ च्या फेब्रुवारीत फॉदरिंगे किल्ल्यात शिरच्छेद झाला. जल्लाद तिची वस्त्रं उतरवू लागला तेव्हा घागऱ्याच्या घोळात लपलेलं एक छोटं कुत्रं सापडलं. ते बाहेर यायला तयार नव्हतं. ओढून काढल्यावर ते धड आणि मस्तक यांच्या मधे जाऊन बसलं. रक्तानं माखलेल्या त्या जिवाला नंतर धुऊन काढावं लागलं. हा प्रसंग तिथं हजर असलेल्या माणसानं लिहून ठेवलाय. कुत्रं नेमकं कुठल्या जातीचं होतं यावर वाद घालणारे घालोत.

चार्ल्सनंतर वारं फिरलं. १६८९ मध्ये हॉलंडहून आलेला तिसरा विल्यम आणि त्याची राणी मेरी गादीवर बसली आणि दरबारात पग कुत्र्यांची चलती झाली. चपट्या नाकाची हौस रुजली. मार्लबरोच्या ड्यूकनं आपल्या ब्लेनहाइम वाड्यात तांबूस-पांढरे स्पॅनियल पाळले. त्यांच्या कपाळावरच्या तांबड्या टिळ्याला आजही ब्लेनहाइम टिळाच म्हणतात. नवरा १७०४ च्या लढाईवर गेलेला, त्या काळजीत डचेस गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसली आणि पिल्लं अंगठ्याच्या ठशासकट जन्मली, अशी त्याची कहाणी सांगतात. आपल्याकडे ग्रहण पाळलं नाही म्हणून मुलाचा ओठ फाटला असं सांगतात, त्याच जातीची ही कहाणी.

व्हिक्टोरिया राणीचा डॅश हाही असाच छोटा स्पॅनियल. २८ जून १८३८ ला राज्याभिषेकाचा दिवसभराचा सोहळा आटोपून एकोणीस वर्षांची राणी वाड्यावर परतली आणि तिनं डॅशला आंघोळ घातली. लँडसीअरनं काढलेल्या चित्रांत डॅशचं नाक नीट दिसतं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत मात्र प्रदर्शनांचं युग आलं. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, पाठोपाठ प्रत्येक जातीचे संघ निघाले, गुण देण्याची कोष्टकं आली. छोट्या स्पॅनियलचं डोकं घुमटासारखं आणि नाक आत दबलेलं असावं असं ठरलं. पग आणि पूर्वेकडची आखूड नाकाची कुत्री यांच्याशी संकर झाल्यानं हे घडलं, असं मानतात. केनेल क्लब १९०३ मध्ये जातीला ‘टॉय स्पॅनियल’ म्हणणार होता, तर खुद्द सातव्या एडवर्डनं शब्द टाकून ‘किंग चार्ल्स स्पॅनियल’ नाव राखलं. नाव चार्ल्सचं राहिलं, पण चार्ल्सनं आपल्या कुत्र्याला ओळखलं नसतं, इतका चेहरा बदलला होता.

इथं एक अमेरिकन येतो. न्यू यॉर्कचे रॉसवेल एल्ड्रिज हे पैसेवाले, हौशी गृहस्थ. चित्रात पाहिलेला लांब नाकाचा स्पॅनियल घ्यायला ते इंग्लंडात आले आणि बघतात तर जिकडेतिकडे बसकी नाकं. ते चिडले. १९२६ च्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांनी जाहिरात दिली. चार्ल्सच्या काळच्या चित्रांत दिसतो तसा लांब तोंडाचा, सपाट कवटीचा, कपाळावर टिळा असलेला ब्लेनहाइम स्पॅनियल आणून दाखवा, उत्तम नराला आणि उत्तम मादीला प्रत्येकी २५ पौंड. चार्ल्सनं सगळ्या मुंबईचं वर्षाचं भाडं घेतलं १० पौंड आणि त्याच्या कुत्र्याच्या नाकासाठी एल्ड्रिजनी मोजले २५. शतकं वेगळी, पौंडाचं मोल वेगळं, हे कबूल. तरी मुंबईकराला जरा टोचतंच.

इंग्लंडातल्या पैदासकारांना हा प्रकार विनोदी वाटला. लांब नाकाचं पिल्लू म्हणजे त्यांच्या लेखी खोट. ते वेगळं काढायचं आणि कुणाला तरी देऊन टाकायचं. आता त्या खोटीवर बक्षीस लागलं होतं. काही बायकांनी हे मनावर घेतलं. मिस मोस्टिन वॉकर यांच्या ‘अॅन्स सन’ या कुत्र्यानं १९२८ चं बक्षीस मिळवलं. एल्ड्रिज त्याच वर्षी वारले. क्रफ्ट्सच्याच वेळी नव्या जातीचा क्लब निघाला आणि जातीचं मानक तिथंच ठरलं. टेबलावर अॅन्स सनला उभा केला, सभासदांनी सोळाव्या, सतराव्या, अठराव्या शतकातल्या चित्रांच्या मिळतील तेवढ्या प्रती गोळा करून आणल्या होत्या आणि एकदा कुत्र्याकडे, एकदा चित्रांकडे बघत वर्णन लिहून काढलं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: फॅशनच्या नादी लागून याची छाटछूट करायची नाही. कात्री न लागलेलं कुत्रं हवं.

कल्पना सुंदर होती. बिघडलेलं काहीतरी दुरुस्त करायला निघालेली माणसं होती ती, त्यांच्याबद्दल वाकडं लिहायला हात धजत नाही. पण पंचाईत तिथंच झाली. लांब नाकाची कुत्री हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी, मग पुन्हापुन्हा त्यांच्यातच जोड्या लावायच्या. सोयरीक घरातल्या घरात. त्यात दुसरं महायुद्ध आलं. माणसांनाच शिधा पुरेना, तिथं कुत्र्यांची काय कथा? या जातीच्या आद्य पुरस्कर्त्या अॅमिस पिट यांच्या केनेलमध्ये ६० कुत्री होती, त्यांची तीन उरली. केनेल क्लबनं १९४५ मध्ये कॅव्हेलियरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, तेव्हा सगळा वंश मूठभर कुत्र्यांवर उभा होता. १९७३ मध्ये अॅलन्समीअर अॅक्वेरियस हा कॅव्हेलियर क्रफ्ट्समध्ये सर्वोत्तम ठरला आणि मागणीचा पूर आला. रोनाल्ड रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्येही रेक्स नावाचा कॅव्हेलियर नांदला. त्या मूठभरांतून आज जगभर पसरलेली संख्या निघाली. चेहरा जुळला होता, आत काय भरलंय ते बघायचं राहिलं होतं.

आत होतं दुखणं. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची झडप असते. ती जाड, गाठाळ होते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं झिरपतं. हा आजार म्हाताऱ्या लहान कुत्र्यांना होतोच, पण कॅव्हेलियरमध्ये निम्म्यांना पाचव्या वर्षापर्यंत आणि जवळजवळ सगळ्यांना दहाव्यापर्यंत तो गाठतो. यातली खरी मेख वयात आहे. दोन वर्षांच्या कुत्र्याचं हृदय ऐकलं तर स्वच्छ असतं. त्याच वयात त्याची पिल्लं घेतात, विकतात. सहाव्या वर्षी कुत्र्याच्या छातीत आवाज येऊ लागतो तोवर पिल्लांनाही पिल्लं झालेली असतात. म्हणून हृदयतज्ज्ञांचा नियम असा की अडीच वर्षांच्या आत पैदास करू नये आणि ज्याची पैदास करायची त्याचे आईबाप पाच वर्षांचे होईपर्यंत निर्दोष राहिलेले असावेत. डेन्मार्कमध्ये हृदयतपासणी सक्तीची करून पैदास केली, तर आठ-दहा वर्षांत हा धोका ७३ टक्क्यांनी उतरला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दुखणं आटोक्यात येतं, थांबायची तयारी हवी.

पुण्यातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात एका सकाळी हे दुखणं जवळून बघितलं. आठ वर्षांची तांबूस-पांढरी मादी टेबलावर उभी होती. शेपूट हलतंय, डॉक्टरांचा हात चाटतेय. डॉक्टरांनी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप टेकवला, बराच वेळ ऐकलं आणि मग नळ्या माझ्या कानात दिल्या. लब-डब ऐकू येतच नव्हतं, त्या जागी प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा फुसफुसाट होता.

‘‘काकू, झोपेतला श्वास मोजताय ना?’’

‘‘मोजते की. हे बघा.’’ काकूंनी पिशवीतून कालनिर्णयचं घडी घातलेलं पान काढलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, बारीक अक्षरात आकडा: २२, २४, २१. एकादशीच्या चौकटीत २८, त्याला लाल गोल. ‘‘त्या रात्री मी जागीच होते हो.’’

‘‘अठ्ठावीसला घाबरू नका. तीसच्या वर गेला आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजूनही तेवढाच आला, तर सकाळची वाट बघायची नाही. फोन करायचा.’’

सगळं औषधपाणी या आकड्यावर चालतं. हृदय फुगलंय पण फुफ्फुसात पाणी अजून साचलेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी १५ महिने पुढे ढकलली जाते, हे २०१६ मधल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे पुष्कळ झाले. पण तो टप्पा सोनोग्राफीसारख्या इको तपासणीशिवाय नक्की कळत नाही. त्यामुळे कॅव्हेलियर पाळणाऱ्यानं दर वर्षी छाती ऐकवून घ्यावी आणि आवाज आला की इको करावी. खोकला सुरू झाल्यावर नव्हे.

दुसरं दुखणं याहून वाईट. कॅव्हेलियरची कवटी मागच्या बाजूला तोकडी असते. मेंदूला जागा पुरत नाही, त्याचा मागचा भाग कण्याकडच्या भोकात ढकलला जातो. मेंदूभोवतालच्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूत पोकळ्या पडतात. याला सिरिंगोमायलिया म्हणतात. कुत्रं चालता चालता थांबतं आणि मागचा पाय मानेजवळ हवेतच खाजवतं, कातडीला लागतही नाही. बघणाऱ्याला गंमत वाटते. त्याला मात्र मानेत, खांद्यात जीवघेण्या कळा येत असतात. उचलल्यावर किंचाळणं, रात्री डोकं उंचावर टेकून झोपणं, मानेचा पट्टा नकोसा होणं, ही त्याचीच लक्षणं. वरवर धडधाकट दिसणाऱ्या ५५५ कॅव्हेलियरचे एमआरआय तपासले, तर वर्षाच्या कुत्र्यांपैकी २५ टक्के आणि सहा वर्षांवरच्यांपैकी ७० टक्के कुत्र्यांत पोकळ्या आढळल्या. तो अभ्यास २०११ चा.

त्याआधी ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीनं ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट दाखवला आणि इंग्लंडात भूकंप झाला. वेदनेनं विव्हळणारे कॅव्हेलियर त्यात लोकांनी पाहिले, आणि हाच आजार असलेल्या प्रदर्शनविजेत्या कुत्र्याची पिल्लं घेतली जात होती हेही पाहिलं. पुढच्या वर्षी बीबीसीनं क्रफ्ट्सचं प्रक्षेपणच थांबवलं. नॉर्वेमध्ये प्राणिसंरक्षण संस्थेनं केनेल क्लबला आणि पैदासकारांना कोर्टात खेचलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: कॅव्हेलियरची कॅव्हेलियरशी पैदास ही प्राणिकल्याण कायद्याचा भंग आहे. कुत्रं पाळायला बंदी नाही, दुसऱ्या जातीशी शास्त्रशुद्ध संकर करायलाही आडकाठी नाही. म्हणजे एल्ड्रिजनी २५ पौंड लावून जी शुद्धता विकत घेतली, ती सोडा, असं न्यायालयानं सांगितलं. मला हा निकाल पटतो. जातीची लेबलं आपण माणसांनी चिकटवली, ती काढायची जबाबदारीही आपलीच.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पाळूच नये का? घरात आधीच असेल त्याचं काय? तर आता आपल्या हवेतल्या निगराणीबद्दल.

मानकाप्रमाणे कॅव्हेलियरचं वजन ५.४ ते ८ किलो. आपल्याकडे दहा-बाराचे दिसतात, कारण हे कुत्रं खादाड आणि डोळे लावून बसण्यात पटाईत. मारी बिस्किटं, पोळी-दूध, शेवेची चिमूट, सगळं त्या डोळ्यांना बळी पडून जातं. हृदयाच्या आजारात चरबी आणि मीठ दोन्ही वैरी. फराळाच्या दिवसांत तर विशेष सांभाळावं. लाडवातले बेदाणे, द्राक्षं कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण, शुगरफ्री मिठाईतलं झायलिटॉलही विषच. मानेला पट्टा न लावता छातीला हार्नेस लावावं, सोफ्यावर चढाय-उतरायला पायरी द्यावी.

उन्हाळ्यात अंग सोलून काढायचा मोह होतो, पण केस कापू नयेत. ते उन्हापासून राखतात आणि पुन्हा उगवताना कापसासारखे गुंततात. कानामागे आणि काखेत रोज कंगवा फिरवावा, जटा तिथंच होतात. तळव्यांमधले केस तेवढे कापावेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. फिरवणं सूर्य वर यायच्या आत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कान ओले राहिले की आतून कुबट वास येतो, भिजून आल्यावर ते आधी कोरडे करावेत. साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, त्याची लस चुकवू नये.

गोचिडांची गंमत वेगळीच आहे. गोचीडताप आपल्याकडे घरोघरचा आणि त्यात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. अनेक कॅव्हेलियरच्या प्लेटलेट जन्मतःच संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या असतात. यंत्राला त्या नीट मोजता येत नाहीत, रिपोर्टवर भलताच आकडा येतो आणि ठणठणीत कुत्र्याला औषधांचा मारा सुरू होतो. ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित, हिरड्या गुलाबी आणि तरी प्लेटलेट कमी असं दिसलं, तर काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघा म्हणून डॉक्टरांना अवश्य सांगावं. रागावले तर रागावू देत.

राखणीला हे कुत्रं कामाचं नाही. चोर आला तर त्याच्याही मांडीवर बसेल. एकटं ठेवलेलं त्याला सोसत नाही, दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आणि ज्यांना आता पिल्लू घ्यायचंय त्यांच्यासाठी. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदासकाराची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा क्रमांक विचारा. आई प्रत्यक्ष बघायला मागा. नंतर आईबापांच्या हृदयतपासणीचे कागद आणि त्यावरची तारीख मागा. विक्रेता बहुधा परदेशी चॅम्पियनची वंशावळ पुढे करील, बक्षिसांचे फोटो दाखवील, कपाळावरचा टिळा कसा नेमका आहे ते सांगेल. वंशावळ वाचून झाली की हृदयाचे कागद पुन्हा मागावेत.